आपली मूल्यं, दुसऱ्याचा संसार

महाराष्ट्रात समाजकार्याची दोन घराणी आहेत आणि त्यांचं एकमेकांकडे फारसं जाणं-येणं नाही. एक कार्यकर्त्यांचं : सेवादल, सर्वोदय, युक्रांद, दलित-भटक्यांच्या चळवळी. दुसरं पदवीधरांचं. 1936 साली मुंबईत टाटांच्या ट्रस्टने क्लिफर्ड मॅन्शर्ट यांच्या पुढाकाराने समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था काढली, तिथून ते सुरू होतं आणि आज जिल्ह्याजिल्ह्यातल्या एमएसडब्ल्यूच्या वर्गांपर्यंत येतं. पहिल्या घराण्यात माणसाची मूल्यं हीच त्याची पात्रता. दुसऱ्यात ती दाराबाहेर चपलेसारखी काढून आत यायचं, निदान वर्गात तरी तसं शिकवतात.

पुढे बोलणाऱ्या दोघी म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हेत. ठिकठिकाणी ऐकलेले वाद मी मावशी आणि भाची यांच्या तोंडी घातले आहेत. मावशी नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंग पाहून आलेली. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर मदतीला म्हणून मराठवाड्यात गेली आणि तिकडचीच झाली. भाची उपजिल्हा रुग्णालयात एचआयव्ही तपासणी केंद्रावर समुपदेशक आहे, कंत्राटी.

मावशी : तुझ्या टेबलामागे पाटी आहे, ‘येथील माहिती गुप्त ठेवली जाते’. गुप्त म्हणजे कुणापासून?

भाची : सगळ्यांपासून. नवऱ्यापासूनसुद्धा.

मावशी : तेच मला पटत नाही. नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तू पाटीकडे बोट दाखवणार?

भाची : नाव-गाव विचारू नकोस. समज, एक बाई पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला आली. गरोदरपणात सगळ्याच तपासण्या होतात, तशी ही पण झाली. पॉझिटिव्ह निघाली. नवरा ट्रकवर. ती म्हणते, घरी कळलं तर मला जिवंत ठेवायचे नाहीत.

मावशी : नवरा ट्रकवर म्हणजे कुठून आलं ते उघड आहे.

भाची : काही उघड नाही. आधी कुणाला झालं हे या तपासणीतून कळत नाही. पण गरोदर बाईची तपासणी आधी होते, म्हणून आजार तिच्या नावावर आधी लागतो. आणि घरात जो आधी सापडतो तोच गुन्हेगार. तू एवढी घरं पाहिलीस, तुला हे मी सांगायला हवं?

मावशी : नको. पण मग त्याला अंधारात ठेवायचं?

भाची : तसंही नाही. 2017 चा एचआयव्हीचा कायदा आहे, 2018 च्या सप्टेंबरात लागू झाला. जोडीदाराला सांगायची मुभा त्यात फक्त डॉक्टरला आणि समुपदेशकाला आहे, तीही पायरीपायरीने. आधी तिलाच समजवायचं, तूच सांग म्हणून. ती सांगणार नाही अशी खात्री झाली आणि त्याला खरोखर मोठा धोका दिसला, तर तिला कल्पना द्यायची की आता मी सांगणार. मग त्याला समोर बसवून, समुपदेशन करून सांगायचं. फोनवर नाही, चिठ्ठीने नाही. आणि एक अट अशी, की सांगितल्यामुळे बाईला मारहाण होईल, तिला घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल तर सांगायचंच नाही.

मावशी : कायदा मी वाचेन. मला तुझं मन काय म्हणतं ते सांग.

भाची : मन म्हणतं, त्याला कळायला हवं. आपल्या घरात खोटं बोललं की आजी जेवायला वाढायची नाही, त्या घरातली मी. रात्री झोप लागत नाही. पण मावशी, मी खरं बोलले याचं समाधान मला मिळणार आणि त्या खऱ्याची किंमत ती देणार. पाच महिन्यांचं पोट घेऊन माहेरच्या दारात उभी राहणार ती, मी नाही. तू तुरुंगात गेलीस ती स्वतःच्या पायांनी. र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचा हट्ट सोडला नाही, तेव्हा विल्सन कॉलेजातली नोकरी त्यांची गेली. त्यांच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बाईचं काही गेलं नाही.

(मूल्यं आणि व्यावसायिक नीती यांचा मेळ घालण्यावर वर्गात पुष्कळ शिकवतात. फेलिक्स बीस्टेक यांची 1957 पासूनची सात तत्त्वं तोंडपाठ करून घेतात : स्वीकार, गोपनीयता, आत्मनिर्णय, दोषारोप न करणं, वगैरे. भाचीने धरलेलं टोक मात्र त्या सातांत नाही. आपल्या मूल्याचं बिल कुणाच्या नावावर फाटतंय, हा तिचा प्रश्न. मला तोच खरा वाटतो, आणि मावशीलाही तो झटकून टाकता आलेला नाही.)

मावशी : ठीक. आता उलटं करू. मुलगा पॉझिटिव्ह आहे, तुझ्याकडेच नोंद आहे. रविवारी त्याचं लग्न. मुलीला पत्ता नाही. इथे तुझ्या गप्प बसण्याची किंमत कोण देतंय?

भाची : ती मुलगी.

मावशी : मग?

भाची : असाच खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, 1998 मध्ये. ज्याचं लग्न मोडलं तो स्वतः डॉक्टर होता. रुग्णालयाने गुपित फोडलं म्हणून त्याने दावा लावला. कोर्ट म्हणालं, खासगीपणा महत्त्वाचा, पण होणाऱ्या बायकोच्या जिवापेक्षा मोठा नाही. पुढे जाऊन अशा माणसाच्या लग्नाच्या हक्काबद्दलही कोर्ट बरंच काही बोलून गेलं, ते 2002 मध्ये त्यांनीच मागे घेतलं.

मावशी : म्हणजे तू सांगू शकतेस.

भाची : आता 2017 चा कायदा आहे आणि त्यातल्या जोडीदाराच्या व्याख्येत नवरा-बायको येतात, तसे एकत्र राहणारे येतात. लग्न ठरलेली मुलगी तिथे नीट बसत नाही. शिवाय 1998 चा काळ वेगळा होता. सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधं मिळायला लागली 2004 पासून. आज नियमित गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. तेव्हा ‘सांगितलं नाही म्हणजे मारलं’ हे समीकरण आता तसंच्या तसं लागू पडत नाही.

मावशी : औषधाने विषाणू खाली जातो. फसवणूक खाली जात नाही.

भाची : नाही जात. म्हणून त्याला बोलावेन, पुन्हा बोलावेन, तारीख पुढे ढकल म्हणेन, दोघांना एकत्र बसवायची परवानगी मागेन. उपचार केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलेन, वकिलाला विचारेन.

मावशी : आणि शनिवार संध्याकाळपर्यंत तो ऐकत नाही.

भाची : ...मग मी तिला सांगेन. आणि काय सांगितलं, का सांगितलं, ते त्याच्या फाइलमध्ये लिहून खाली सही करेन. नोकरी जायची असेल तर जाईल.

मावशी : आता कशी कार्यकर्त्यासारखी बोललीस!

भाची : नाही. कार्यकर्ता असता तर सांगून मोकळा झाला असता. लिहिलं नसतं.

मावशी : टोमणा कळला. पण एक ऐकून घे. किल्लारीला आम्ही गेलो तेव्हा कुणाच्या हातात नियुक्तीपत्र नव्हतं. ढिगाऱ्याखाली माणसं आहेत एवढंच कळलं होतं. नियमामुळे कुणी कामाला येत नाही गं. येतो तो आतून काही पेटलेलं असतं म्हणून. तुमच्या लोकांना ते पेटलेलं विझवून मगच टेबलावर बसवतात. मग माणूस समोर रडत असतो आणि तुम्ही म्हणता, ‘हे माझ्या कार्यकक्षेत येत नाही.’ हे वाक्य मी तहसीलदाराच्या तोंडून ऐकलंय, फौजदाराच्या तोंडून ऐकलंय. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुलीच्या तोंडून ऐकलं तेव्हा जास्त लागलं.

भाची : लागायलाच हवं. नियमाआड लपणारे आमच्यात आहेत. तुमच्यात मूल्यांआड लपणारे आहेत, एवढाच फरक. दारू सोडल्याशिवाय नवऱ्याला संस्थेच्या दारात उभं करणार नाही, हुंडा दिला म्हणून मुलीच्या बापाची तक्रार घेणार नाही. तत्त्व शाबूत, माणूस बाहेर.

मावशी : तत्त्वाशिवाय माणूस आत घेऊन काय करणार? चहा पाजणार?

भाची : आधी चहाच. सावित्रीबाई-जोतिबांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते काय होतं? विधवांनो, गुपचूप या, बाळंत व्हा. मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा. कोण, कुठली, कुणापासून, याचा जाब नाही. काशीबाई आली ती ब्राह्मणाघरची विधवा. तिच्या मुलाला 1874 मध्ये त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. ज्या समाजाविरुद्ध जोतिबा आयुष्यभर लिहीत होते, त्याच समाजातली बाई दारात आली तर तिला आधी व्याख्यान दिलं नाही. गोपनीयता आणि स्वीकार बीस्टेकच्या नव्वद-पंचाण्णव वर्षं आधी गंज पेठेत पाळले जात होते. मी माझं शिक्षण परकं मानत नाही ते यामुळे.

मावशी : जोतिबांचा दाखला देऊन माझं तोंड बंद करतेस होय? पण तू अर्धीच गोष्ट सांगितलीस. ते घर त्यांनी स्वतःच्या जिवावर चालवलं. नेमणूक नव्हती, वरिष्ठ नव्हते. तुझ्यामागे कोण आहे? उद्या त्या शनिवारच्या सहीबद्दल तुला काढून टाकलं तर तुझ्या व्यवसायातलं कोण उभं राहील?

भाची : कोणी नाही.

मावशी : डॉक्टरांची परिषद असते, वकिलांची असते.

भाची : आमची नाही. टाटा संस्थेतल्या शिक्षकांच्या मंचाने 1997 मध्ये नीतीचा एक जाहीरनामा तयार केला, तो अभ्यासक्रमात शिकवतात. पण नोंदणी करणारी, चुकलं तर सनद काढून घेणारी, बरोबर असलं तर पाठराखण करणारी परिषद सगळ्या समाजकार्यकर्त्यांसाठी देशात झालेली नाही. 2021 च्या कायद्याने आरोग्य क्षेत्रातल्या संलग्न व्यवसायांसाठी आयोग नेमायचं ठरलं, त्यात वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते घेतलेत. बालगृहातला, गावातला, झोपडपट्टीतला बाहेरच.

मावशी : म्हणजे आचारसंहिता मोडली तर विचारणारं कोणी नाही आणि पाळली तर वाचवणारं कोणी नाही. वर अकरा महिन्यांचा करार. अशा माणसाला नीती शिकवायची म्हणजे निःशस्त्र शिपायाला युद्धनीती शिकवण्यासारखंच आहे.

(इथे मावशीचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. व्यावसायिक नीतीची चर्चा आपण नेहमी व्यक्तीच्या अंतःकरणात शिरून करतो. करारपत्र कोणी उघडून पाहत नाही.)

भाची : मावशी, तू हे सगळं विचारायला आली नाहीस.

मावशी : नाही आले. मंगळवारी तुझ्याकडे एक पोरगी आली होती. तिला मी पाठवलं होतं. परवा तिच्या नवऱ्याला पोलीस घेऊन गेले.

भाची : मी कळवलं.

मावशी : मला वाटलंच. मी तिला बजावून पाठवलं होतं, वय एकोणीस सांग म्हणून.

भाची : तिने एकोणीसच सांगितलं. मग मी म्हटलं, तू इथे काही सांगायच्या आधी मी सांगते : बहुतेक गोष्टी माझ्यापाशी राहतील, पण वय अठराच्या आत असेल तर मला पोलिसांना कळवावंच लागतं. ती काही जणींसारखी उठून गेली नाही. म्हणाली, सतरा. कळवायचं तर कळवा, पण मला जिना चढताना दम लागतो त्याचं आधी बघा. हिमोग्लोबिन सात होतं तिचं.

मावशी : सात?

भाची : एकोणीस लिहून गेली असती तर अंगणवाडीच्या गोळ्या देऊन परत पाठवलं असतं कदाचित. सतरा वर्षांच्या पोटाकडे डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतात. तुझं खोटं चांगल्या मनाचं होतं, पण तेही तिच्याच अंगावर निघालं असतं.

मावशी : तुला काय वाटतं, मला बालविवाह चालतात? मांडवात पोलीस नेलेत मी. लोकांनी दगड मारलेत. तू आकडेवारी वाचतेस; 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या जवळपास बावीस टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली आणि बीड-परभणीत चाळीस टक्क्यांच्या वर. मी ती लग्नं पाहिलीत. का होतात तेही पाहिलंय. ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात. सहा महिने आई-बाप फडावर, वयात आलेली पोरगी पाठीमागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? दिवाळीच्या आत उरकून टाकतात. ग्रामसेवक कायद्याने बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, आणि त्याला पत्रिका पहिली जाते.

भाची : मग तूच सांग, कळवू नको म्हणणं कसं जुळतं याच्याशी?

मावशी : मांडवात थांबवलेलं लग्न वेगळं. लग्न होऊन दोन वर्षं झाली, पोटात पाच महिन्यांचं आहे, नवरा एकवीस वर्षांचा, तोही तसाच लग्नात ढकललेला. आता त्याला बलात्काराच्या कलमात आत टाकून काय साधलं? लग्न लावणारे चौघे बाहेर फिरताहेत. उचल फिटलेली नाही, मुकादम दारात. सासू म्हणते, तुझ्या तोंडामुळे पोरगा गेला. आणि तिची धाकटी जाऊ आता दवाखान्याची पायरी चढेल का? ती घरीच बाळंत होणार. तू एकीचं रक्त वाढवलंस आणि दुसरीला दाईच्या हाती दिलंस.

भाची : यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मावशी : मग कळवलंस का?

भाची : पॉक्सोचं, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचं, एकोणिसावं कलम. कुणाही व्यक्तीला कळलं तरी तिने कळवायचं. नाही कळवलं तर एकविसाव्या कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. ‘कुणीही’ म्हणजे तूसुद्धा.

मावशी : सहा महिन्यांची भीती मला घालतेस?

भाची : तुला नाही घालत. मलाही फार नाही. पण सतरा वर्षांची मुलगी टेबलासमोर बसते, तेव्हा ती राजीखुशीने आहे की मारून-मुटकून, हे मी वीस मिनिटांत ओळखू शकत नाही. ओळखता येतं असं ज्यांना वाटतं त्यांचीच मला भीती वाटते. कायद्यालाही ते ओळखता येत नाही, म्हणून त्याने सरसकट रेघ मारली. 2012 च्या आधी ती सोळावर होती, पॉक्सोने अठरावर नेली. बायको असली तरी सूट नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं. रेघ चुकीच्या जागी आहे असं मलाही कधी कधी वाटतं. म्हणून ती माझ्या टेबलावर गुपचूप पुसून टाकायची का?

मावशी : कोर्टानेच थोडी पुसली ना? गर्भपाताच्या बाबतीत?

भाची : 2022 मध्ये, हो. अल्पवयीन मुलगी गर्भपाताला आली तर डॉक्टरने पोलिसांना कळवायचं, पण मुलीने आणि तिच्या पालकाने सांगितलं तर तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. मुली भोंदूंकडे जातात हे कोर्टाला दिसलं म्हणून. पण ती सवलत डॉक्टरांना आणि तेवढ्यापुरती. हिला तर मूल हवंय.

मावशी : मग तुझ्या हातात राहिलं काय?

भाची : पोलिसांना कळवताना सांगितलं की जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्या, महिला अधिकारी पाठवा, गणवेशात नको. हे सगळं कायद्यातच आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. बालकल्याण समितीला अर्ज लिहून दिला. तिथे ‘सहायक व्यक्ती’ नेमतात, खटला संपेपर्यंत तिच्या सोबत राहायला. आणि धाकट्या जावेकडे आशाताईला पाठवलंय, गुन्ह्याचं काही न बोलता. एवढंच.

मावशी : एवढंच.

भाची : मावशी, ती सहायक व्यक्ती तू हो. तिचा तुझ्यावर विश्वास आहे. तिची आणि घरच्यांची संमती लागेल, ती मी विचारते.

मावशी : काय करावं लागेल?

भाची : तिच्या सोबत राहायचं. दवाखाना, कोर्ट, समिती. काय चाललंय ते तिला कळेल असं सांगायचं. आणि तिच्याबद्दलचं काही बाहेर बोलायचं नाही. ना सभेत, ना लेखात.

मावशी : आणि नवऱ्याच्या जामिनाचं?

भाची : ते त्या कामात येत नाही. तू मुलीच्या बाजूने असतेस. आरोपीसाठी धावपळ करायला लागलीस तर उद्या कोर्टात प्रश्न निघेल की हिने जबाबावर दबाव आणला का.

मावशी : पण ती पोरगीच म्हणतेय, त्याला सोडवा.

भाची : म्हणत असेल. तरी एकाच माणसाने दोन्ही करायचं नाही.

मावशी : मग माझं ठरलं. मी जामिनाचं बघते. औशाला एक वकील आहे, माझ्या जुन्या ओळखीतला, पैसे घेत नाही. मुकादमाकडेही जाऊन येते, उचलीचा हिशेब काय आहे तो वहीत बघते. सहायक व्यक्ती तू दुसरी शोध.

भाची : लोक म्हणतील, आयुष्यभर बालविवाहाविरुद्ध भांडली आणि आता नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली.

मावशी : म्हणू देत. नाव माझंच खराब होईल ना? आणि ती दुसरी शोधताना समितीची यादी बघून पहिलं नाव टाकू नकोस. तिला ऊसतोड कळते का ते आधी विचार.